सहाव्या डावातला तिसरा बाद

हॉलबर्ग, कॅन्सस
२ मार्च १९७२, गुरुवार

प्रिय लायल,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पोस्टातला ऑर्व्हिल म्हणाला, "घ्या इर्माबाई, टेक्ससहून आलंय. जाड आहे, म्हणजे पोरं जिंकलेली दिसतात." मी तिथे उघडलं नाही. घरी आले, भांडी आवरली, टेबल पुसलं आणि मग वही काढून तुझा पहिला सामना एकेक बॅटर करत उतरवून घेतला. दोन तास गेले. चांगले गेले.

तू दुसऱ्या बेसवर उभा राहिलास हे वाचून मी पेन्सिल खाली ठेवली आणि देवाचे आभार मानले. गेलं वर्षभर तू बाकावर बसून काढलंस, आणि हे बघायला तुझे बाबा हवे होते. त्यांना जाऊन ऑक्टोबरात दोन वर्षं होतील. पण गावच्या बेसबॉल संघाच्या सामन्यांची वही मी त्यांच्यासाठी सतरा वर्षं लिहिली, तेव्हा तुझीही लिहीन. तू फक्त प्रत्येक सामना असाच सविस्तर पाठवत जा. कोण आला, काय झालं, कोण कुठे थांबला.

हिशोब जुळला, हे सांगायचं राहिलं. सदतीस बॅटर आले. चार घरी पोचले, सत्तावीस बाद, सहा बेसवर अडकून राहिले. बेरीज सदतीस. लहानपणी तुला सांगायची ते विसरला नसशील, बॅटिंगला आलेल्या माणसाचं या तिन्हींपैकी एकच काहीतरी होतं: सगळे बेस फिरून घरी पोचला म्हणजे धाव, नाहीतर बाद, नाहीतर अडकला. चौथं काही नाही.

माझी काळजी करू नकोस. दर गुरुवारी थेल्मा हॅगस्ट्रम येते. आम्ही गोधडी शिवतो, कॉफी पितो आणि तुझ्या संघावरून भांडतो. आज तिचं म्हणणं पडलं की तिसऱ्या डावातली ती चूक तुझी होती. मी म्हटलं, बाई, चेंडू उसळला, त्याला तो काय करणार.

हे चर्चच्या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलंय. कागद चांगला असतो, टाकवत नाही. छापलेली बाजू सोडून दे.

देव तुला सांभाळो.
तुझी आई

---

सॅबिन फोर्क कॉलेज, टेक्सस
८ मार्च

(हे टाकलं नाही.)

आई,

शनिवारी दुसऱ्या डावात एक धावता गडी पाय पुढे टाकून बेसवर घसरत आला आणि सरळ माझ्या गुडघ्यात घुसला. आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं मागून. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर आहे. डॉक्टर म्हणतात, दोन महिने. म्हणजे हा हंगाम गेलाच. पुढच्या वर्षीचं कोणी बोलत नाही.

माझ्या जागी डॅनी फ्युएंतेसला घेतलंय. पोरगा वाईट नाही, हेच जास्त लागतं.

तुला कसं सांगू हे कळत नाही. तू वही उघडून बसली असशील

---

सॅबिन फोर्क
१२ मार्च

प्रिय आई,

काल बेलार्डशी सामना झाला. सोबत चार पानं आहेत, सगळे डाव लिहिलेत. आमच्या गटात आठ कॉलेजं आहेत, त्यांत बेलार्ड सगळ्यांत उद्धट. त्यांचा पिचर चेंडू टाकायच्या आधी आमच्या बाकाकडे बघून हसायचा. तरी आम्ही पाच-तीननं जिंकलो.

मी आठव्या नंबरला खेळलो. चार वेळा गेलो, एक हिट. सहाव्या डावात दोघं बाद झाल्यावर मी चेंडू डावीकडे मारला आणि पहिल्या बेसवर पोचलो. पुढे काही झालं नाही, डाव संपला. सातव्याची सुरुवात मूरनं केली. तो आमचा पिचर, नवव्या नंबरला येतो.

इथे सगळं छान आहे. जेवण बरं आहे. थेल्मामावशीला सांग, ती चूक माझीच होती.

तुझा,
लायल

---

हॉलबर्ग
१७ मार्च, शुक्रवार

प्रिय लायल,

चारही पानं मिळाली. हिटच्या जागी रेघ घाईघाईनं ओढली, म्हणून ती वाकडी आलीय. खोडरबर लावलं नाही, राहू दे.

एक बारीकशी गोष्ट. सहाव्या डावात मला दोनच बाद सापडतात. तिसरा कोण? नऊ डावांचे, प्रत्येकी तीन असे सत्तावीस हवेत, माझे सव्वीस भरतात. घाईत राहून गेला असेल. कळव, म्हणजे पान बंद करता येईल.

रविवारी पाळकसाहेबांनी तुझ्या संघाचं नाव घेऊन प्रार्थना केली. जिंकण्यासाठी केली नाही, ते तसं करत नाहीत. कोणाला इजा होऊ नये म्हणून केली.

काल थेल्मा आली होती. दालचिनीचे पाव केले, तिनं तीन खाल्ले आणि वर म्हणते, मला गोड सोसत नाही.

तुझी आई

---

(पोस्टकार्ड)
२१ मार्च

आई, तुझी नजर म्हणजे नजर! माझ्यानंतर मूर आला आणि तीन चेंडूंत बाद झाला, ते लिहायचं राहिलं. तोच तिसरा. आता सत्तावीस. घाईत आहे, सरावाला पळतोय. लायल

---

हॉलबर्ग
२६ मार्च, रविवार

प्रिय लायल,

कार्ड मिळालं. मूरला लिहून घेतलं. जुळलं.

पुढच्या रविवारी ईस्टर. तुझ्या सुट्टीचं तू काही लिहिलं नाहीस. बस बुधवारी सुटते आणि गुरुवारी दुपारी इथे पोचते, मी डेपोत विचारून आले. तुझी खोली उघडून हवा खेळती ठेवलीय. जमत नसेल तर तसं सांग. खेळ असेल तर खेळ आधी. मी एकटी नसणार, हॅगस्ट्रम मंडळी सगळी इथेच जेवायला आहेत, अकरा माणसं. हॅम मोठं आणावं लागेल.

पळताना जपून पळ.

तुझी आई

---

सॅबिन फोर्क
२९ मार्च

प्रिय आई,

यायला जमत नाही. शनिवारी ट्रिनिटी पॉइंटशी दोन सामने आहेत, आणि गटात आम्ही दुसरे आहोत. कोच ड्रमंड म्हणतात, आत्ता घरी गेलेला माणूस मनानं परत येत नाही. गेल्या शनिवारच्या सामन्याची पानं सोबत आहेत. दोन हिट मारल्या.

अकरा माणसं असताना तुला माझी आठवणही येणार नाही. माझ्या वाटणीचं हॅम थेल्मामावशीला दे.

लायल

---

सॅबिन फोर्क
३ एप्रिल, सोमवार

आई,

काल ईस्टर होता. होस्टेल रिकामं आहे. खाणावळही बंद होती, खोलीत बिस्किटं होती ती खाल्ली. दुपारी तुझी पत्रं पुन्हा काढली. सगळी वाचून झाली तरी दिवस संपेना, तेव्हा उलटून मागची बाजू वाचायला घेतली. कधी वाचली नव्हती, तूच नको म्हणाली होतीस.

२ मार्चच्या पत्रामागे २७ फेब्रुवारीचं पत्रक आहे. त्यात लिहिलंय, 'थेल्मा हॅगस्ट्रम यांना आज उपासनेनंतर निरोप. त्या कायमच्या डेन्व्हरला मुलीकडे जात आहेत. गुरुवारचे महिला मंडळ पुढील सूचनेपर्यंत बंद.'

मग तुझ्याकडे दर गुरुवारी कोण येतं? ते तीन पाव कोणी खाल्ले? काल टेबलावर कोण होतं?

मला असं खोटं का सांगितलंस? मी काय लहान आहे?

लायल

---

हॉलबर्ग
१० एप्रिल

प्रिय लायल,

कागद वाचवायला गेले आणि पकडले गेले. हे पत्र तुझ्या बाबांच्या जुन्या पॅडवर लिहिते आहे, दोन्ही बाजू कोऱ्या आहेत.

थेल्मा फेब्रुवारीत गेली. जाताना म्हणाली, "इर्मा, लिहीत जा गं." तिला दोन पत्रं टाकली, अजून उत्तर नाही. मुलीकडे नातवंडांत असेल, वेळ मिळत नसेल. गुरुवारी मी अजूनही दोन कप काढते आणि एक परत ठेवते. गेल्या गुरुवारी तर हसूच आलं, म्हटलं, निदान धुवायचा तरी वाचला. ईस्टरला हॅमचा एवढासा तुकडा आणला होता. बुधवारपर्यंत पुरला. जेवताना वही समोर, तुझ्या बाबांच्या जागेवर उघडी ठेवली होती.

खरं का सांगितलं नाही म्हणतोस. सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? बॅग भरून पहिल्या बसनं आला असतास. मला ते नको होतं. पण ते खोटंच होतं, मी त्याला दुसरं नाव देणार नाही. देवापुढे कबूल केलंय, आता तुझ्यापुढे करते.

आता तुझं.

मूर तुझ्यानंतर येतो, नववा, आणि नवव्यानंतर पुन्हा पहिला. सहाव्या डावात तोच शेवटचा बाद झाला असेल, तर सातवा डाव पहिल्या नंबरच्या बॅटरनं सुरू व्हायला हवा. पण सातवा मूरनंच सुरू केला, हे तू स्वतः लिहिलंयस. एकच माणूस लागोपाठ दोनदा कसा येईल, बाळा? मी ते पान तीनदा लिहून पाहिलं. एकाच रीतीनं जुळतं. त्या डावातला तिसरा बाद तूच होतास. किंवा तुझ्या जागी जो कोणी होता तो.

मग आधीची पानं काढली. फेब्रुवारीत तुझ्या हातून चूक झाली ती तू लिहिली होतीस. मार्चपासून तू एकदाही चुकत नाहीस. सतरा वर्षं वही लिहिली, न चुकणारा माणूस मी पाहिला नाही. तुझे बाबा तर मुळीच नव्हते.

आणि मी तुला लिहिलं, 'जुळलं.' ते माझं दुसरं खोटं. म्हटलं, विचारलं तर पत्रंच बंद होतील.

तुला काय झालंय ते मला माहीत नाही. एवढंच सांग, सामना चालू असतो तेव्हा तू कुठे बसतोस?

आई

---

हॉलबर्ग
२७ एप्रिल, गुरुवार

प्रिय लायल,

दोन आठवडे झाले. ऑर्व्हिल आता मला बघितलं की आपणहून मान हलवतो, विचारावं लागत नाही.

मी रागावलेली नाही. रविवारी कॉफीच्या वेळी लोक विचारतात, लायलचं कसं चाललंय? आधी मी म्हणायचे, खेळतोय. आता म्हणते, पत्र आलं नाही. हे खरं असल्यामुळे म्हणायला सोपं जातं.

वहीतली ट्रिनिटी पॉइंटपासूनची पानं कोरी आहेत. नावांच्या रांगेत आठव्या जागी मी काही लिहिलेलं नाही. जो खेळतो त्याचं नाव कळव. त्याचीही आई असेल, तिला बिचारीला काय माहीत, तिच्या मुलाच्या हिट कॅन्ससमध्ये कोणाच्या खात्यावर लागल्यात.

सामने पाठवायचे नसतील तर नको पाठवूस. नुसतं जेवलास का तेवढं लिही.

आई

---

सॅबिन फोर्क
७ मे

प्रिय आई,

जेवलो.

सामना चालू असतो तेव्हा मी कॅचरच्या मागच्या जाळीशी, तिसऱ्या रांगेत बसायचो. पाय पुढच्या बाकावर ठेवून. ४ मार्चला गुडघा गेला. ८ मार्चला तुला लिहिलेलं पत्र सोबत जोडलंय, अर्धंच आहे. ते टाकायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तू टेबल पुसून, पेन्सिलीला टोक काढून बसलेली यायचीस. तुझ्याकडे दुसरं काय आहे, असं वाटायचं. मग डॅनी फ्युएंतेसच्या जागी माझं नाव घातलं. तेवढंच केलं असतं तर तुला कधी कळलं नसतं. पण त्या दिवशी तो बाद झाला आणि तुझ्यासाठी एक हिट असावी असं मला वाटलं.

तुझं १० एप्रिलचं पत्र आल्यावर मी लिहायला बसायचो आणि पहिल्याच ओळीला अडकायचो. शेवटी ते डॅनीमुळे सुटलं. माझ्या टेबलावर त्याला जुन्या पानांची नक्कल आणि तुझं १७ मार्चचं पत्र सापडलं. उभ्या उभ्या सगळं वाचलं. मला वाटलं, आता हा मारणार.

म्हणाला, "ओक्विस्ट, सहाव्या डावात मी स्ट्राइकआउट झालो होतो. तू हिट मारलीस. तू तर माझ्यापेक्षा बराच बरा खेळतोस रे."

मी म्हटलं, "माफ कर."

"माफ काय? तुझ्या आईला मी आवडतो का ते सांग. ओळखत नसली तरी माझ्या बॅटिंगवर खूश दिसते."

मग सगळं सांगितलं. तुझा हिशोब, मूर दोनदा आलेला, सगळं. तो बराच वेळ हसला आणि मग हसायचा थांबला. म्हणाला, "माझी आई तर सामना कुठे आहे तेही विचारत नाही. तू तुझ्या आईला खरं लिही."

पुढचं ऐक. आमची अधिकृत वही एक जुनिअर मुलगा लिहायचा, आणि ती जुळायची नाही. गटाच्या कार्यालयातून दोनदा परत आली. मी माझ्या पानांत त्याचं नाव आणि खरे बाद घातले, आणि डॅनीनं ती नेऊन कोचपुढे टाकली. ड्रमंड सहजासहजी कोणाला चांगलं म्हणत नाहीत. विचारलं, "हे तपासायला कोणी शिकवलं?"

"आईनं."

"ती कुठल्या कॉलेजात शिकवते?"

"ती मॅट्रिक आहे, सर. घरी असते."

ते म्हणाले, "उद्यापासून बाकावर बस. पेन्सिल आपली आण." तेव्हापासून मी संघाच्या बाकावर बसतो. प्लास्टर निघालंय, अजून एक कुबडी आहे. पुढे खेळू शकेन असं डॉक्टर म्हणत नाहीत. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा सांगतोय.

राहिलेले सगळे सामने सोबत आहेत. आठव्या जागी फ्युएंतेस लिही. सेंट ऑलबनविरुद्ध त्यानं तीन चुका केल्या, त्याही लिही, तो म्हणाला लपवू नकोस. पुढच्या शनिवारी बेलार्डशी शेवटचा सामना. जो जिंकेल तो गटात पहिला.

लायल

---

सॅबिन फोर्क
१३ मे, शनिवार

आई,

सहा-पाच. हरलो.

पान जोडलंय. शेवटच्या डावात दोघं बाद असताना डॅनी दुसऱ्या बेसवर होता. तो घरी आला असता तर बरोबरी. मूरनं चेंडू जमिनीवरून सरळ त्यांच्या दुसऱ्या बेसच्या गड्याकडे मारला आणि संपलं. बेलार्डची पोरं एकमेकांवर उड्या मारत होती, आमची बाकाखालून सामान काढत होती, आणि डॅनी तिथेच उभा. मैदान रिकामं झालं तरी उभा. शेवटी मी कुबडी बाकावर ठेवून हळूहळू गेलो. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्या जागेवर पाय ठेवला.

म्हटलं, "चल."

तो म्हणाला, "लिहिलंस?"

"लिहिलं."

"काय लिहिलंस?"

"अडकून राहिला, दुसरा बेस."

"हे पण तुझ्या आईला जाणार?"

"जाणारच."

"मग जुळायला पाहिजे," म्हणाला, आणि माझा हात खांद्यावर घेऊन मला बाकापर्यंत आणलं.

उद्या मदर्स डे आहे. कार्ड आणलं नाही, हे पानच आहे.

लायल

---

हॉलबर्ग
१८ मे, गुरुवार

प्रिय लायल,

पान काल मिळालं. मुद्दाम आजचा दिवस ठेवला होता. एकच कप काढला आणि बसले.

छत्तीस आले. पाच घरी, सत्तावीस बाद, चार अडकून राहिले. दोनदा मोजलं. जुळतं. इतकं स्वच्छ पान तुझ्या बाबांच्या संघाच्या वेळी माझ्याही हातून निघालं नसेल. कुठेही खाडाखोड नाही. शेवटच्या चौकटीत फ्युएंतेस जिथे थांबला तिथे तुझी पेन्सिल जरा जोरात दाबली गेलीय, कागदाला मागून उठाव आलाय. मी त्यावरून बोट फिरवलं.

गुडघ्याचं वाचून रडले. खोटं कशाला लिहू. खेळ सुटला म्हणून रडू आलं नाही. प्लास्टर घालून दोन महिने तू तिसऱ्या रांगेत एकटा बसलास आणि इथे मी तुझ्या हिट मोजत होते, याचं रडू आलं. मग तोंड धुतलं आणि कणीक मळायला घेतली.

बसची वेळ पुन्हा विचारून आले. बुधवारी निघालास तर गुरुवारी दुपारी पोचशील. डेपोवर मी असेन. सामान मी घेईन, तू कुबडी घे. फ्युएंतेसला सुट्टीत जायला कुठे नसेल तर त्यालाही आण. तुझ्या खोलीत दुसरी खाट मावते, मोजून पाहिलं. त्याला म्हणावं, तीन चुकांचं मी काही बोलणार नाही. बोलले तर एवढंच बोलेन की त्यातली एक त्याची नव्हती, पहिल्या बेसवाल्याची होती. तू चुकीच्या खात्यावर टाकलीस. त्यावर आपण बसून भांडू.

रविवारी सगळ्यांना खरं ते सांगितलं. पाळकसाहेबांच्या बायकोनं विचारलं, "मग गुरुवारी तुम्ही काय करता, इर्मा?" मी म्हटलं, काही नाही. त्या पुढच्या आठवड्यात येतो म्हणाल्यात. येतील किंवा नाही येणार. आल्या तर तुला कळवीनच, आणि नाही आल्या तर तेही.

एकच काम राहिलंय. प्रत्येक पानाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात नोंद ठेवणाऱ्यानं सही करायची असते. ती केल्याशिवाय मी आजवर एकही पान बंद केलेलं नाही. तुझ्या सगळ्या पानांवर ती जागा कोरी आहे. मी तिथे माझं नाव लिहिणार होते, सवयीनं पेन्सिल टेकवलीही होती. मग उचलली.

तू आल्यावर कर. टोक काढून ठेवते.

तुझी आई